वाचकांचे प्रश्न: चित्रं काढणारा, लिहिणारा आणि सगळ्यांशी भांडणारा थिओ व्हॅन डूसबर्ग

गेल्या अंकात डच चित्रकार मोंद्रियानवरच्या लेखात थिओ व्हॅन डूसबर्गचं नाव दोनच ओळीत येऊन गेलं होतं आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्या दोन ओळींवरच आले. त्यामुळे या वेळचं सदर पूर्ण त्याच्यावर. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते थोडे छोटे केलेत.

प्रश्न: मोंद्रियान माहितीये, लाल-निळे-पिवळे चौकोन आणि काळ्या रेघा. पण हा डूसबर्ग कोण? नेटवर त्याची चित्रं बघितली तर सरळ मोंद्रियानची कॉपी वाटतात. मग त्याला एवढं महत्त्व कशासाठी द्यायचं?

काही चित्रं शेजारी ठेवली तर सारखी वाटतात हे खरंय, पण सुरुवात कुठून झाली ते बघा. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं, नेदरलँड्स तटस्थ होता पण सैन्य जमवून सीमेवर ठेवलेलं होतं आणि त्यात हाही होता, दोन वर्षं बेल्जियमच्या बाजूच्या सीमेवर. तोपर्यंत तो चित्रं काढायचाच पण वर्तमानपत्रं-मासिकांत कलेवर लिहायचा सुद्धा. १९१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये मोंद्रियानचं एक चित्र लागलं होतं, नुसत्या आडव्या-उभ्या काळ्या रेघा, अधिक-वजाच्या खुणांसारख्या, आणि बघणाऱ्यांना त्यात काय बघायचं तेच कळत नव्हतं. डूसबर्गने त्यावर लिहिलं, मनापासून कौतुक केलं, मग दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्या पत्रांतूनच पुढे एक मासिक काढायची कल्पना पक्की झाली, तेच 'दे स्टाइल'. पहिला अंक ऑक्टोबर १९१७.

आता मोंद्रियान कसा, तर एकटा बसून महिनोन्महिने एका चित्रावर काम करणारा माणूस. त्याच्या डोक्यात जे नवीन चाललं होतं त्यावरचे त्याचे मोठेच्या मोठे लेख त्या मासिकात अगदी पहिल्या अंकापासून हप्त्याहप्त्याने आले. ते कोणी छापले? कोणी त्याच्या मागे लागून लिहून घेतले? कोणी जर्मनीत, बेल्जियममध्ये, फ्रान्समध्ये जाऊन लोकांना सांगितलं की हे बघा, आमच्याकडे असं काहीतरी सुरू आहे? सगळं डूसबर्गने. माझं अगदी स्पष्ट मत आहे की त्याचं संपादन, त्याची पत्रं, भाषणं आणि भांडणं हेच त्याचं मुख्य काम होतं आणि चित्रं त्या कामाचा एक भाग, म्हणून नुसती चित्रं भिंतीवर लावून तुलना केली की तो नेहमीच हरतो, आणि ती तुलना मला मुळातच चुकीची वाटते.

प्रश्न: त्याचं खरं नाव वेगळंच होतं म्हणे?

हो. जन्म ३० ऑगस्ट १८८३, उट्रेख्ट, आणि कागदोपत्री नाव क्रिस्टियान एमिल मारी क्युपर. सावत्र वडिलांचं नाव थिओडोरस डूसबर्ग, त्यांच्यावरून त्याने चित्रकार म्हणून हे नाव घेतलं. पुढे आणखी नावं घेतली, ते खाली येईलच.

प्रश्न: मी फाइन आर्टला आहे. आमच्या सरांनी अमूर्त चित्र समजावताना डूसबर्गची गाय दाखवली. आधी गाईची स्केचेस, मग कोनात कापल्यासारखी गाय, मग नुसते रंगीत चौकोन-आयत. म्हणजे अमूर्त म्हणजे खऱ्या वस्तूचं सोपं केलेलं रूप, असंच ना?

ती मालिका साधारण १९१७-१८ ची, बरीचशी आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, आणि शिकवायला इतकी सोयीची आहे की सगळेच वापरतात, त्याने स्वतः पण १९२५ च्या त्याच्या जर्मन पुस्तकात गाईच्या फोटोपासून शेवटच्या चौकोनांपर्यंत सगळ्या पायऱ्या छापल्यात. पण तुमचा निष्कर्ष त्याला स्वतःला पुढे मान्य नसता. म्हणजे १९१८ ला तो गाईपासून निघून चौकोनापर्यंत पोचतो, पण १९३० मध्ये त्याने पॅरिसमध्ये 'आर्ट काँक्रे' नावाचं मासिक काढलं, त्याचा एकच अंक निघाला, आणि त्यातल्या जाहीरनाम्यात त्याची आणि साथीदारांची भूमिका अशी की चित्राने निसर्गातून काही घ्यायचंच नाही, चित्र आधी डोक्यात पूर्ण तयार हवं आणि रेघ, रंग, पृष्ठभाग यांच्यापेक्षा वेगळा अर्थ त्याला नको. त्याच सुमाराचं त्याचं 'अंकगणिती रचना' बघा, तिरकस ओळीत काळे चौरस, प्रत्येक चौरस आधीच्याच्या निम्म्या मापाचा. तिथे गाय नाही, झाड नाही, काही नाही, नुसता एक हिशोब आहे आणि तरी ते चित्र तुम्हाला आत ओढतं. तेव्हा सरांना सांगा की गाय दाखवली की त्याच तासाला हे चित्र पण दाखवा.

प्रश्न: तो खोट्या नावाने कविता छापायचा असं वाचलं. एका संपादकाने स्वतःच्याच मासिकात खोट्या नावाने लिहायचं हे फसवणूक नाही का? आणि चौकोन-रेघांच्या इतक्या शिस्तीच्या माणसाला दादा वगैरे सारखा धुडगूस कसा काय आवडला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. दादा म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातली, जुनी कला मुद्दाम बेतालपणे मोडू बघणारी चळवळ. १९२० पासून 'दे स्टाइल'मध्ये आय. के. बोन्सेट नावाच्या कवीच्या कविता यायला लागल्या, आणि १९२१ पासून आल्डो कामिनी नावाच्या एका इटालियन लेखकाचं तत्त्वज्ञानाची चिरफाड करणारं लिखाण. दोघंही डूसबर्गच. १९२२-२३ मध्ये 'मेकानो' नावाचं दादा मासिक निघालं, पिवळा, निळा, लाल आणि पांढरा असे त्याचे अंक, त्याचा साहित्य संपादक बोन्सेट. जवळच्या लोकांना सुद्धा बराच काळ पत्ता नव्हता, मोंद्रियानलाही नाही.

फसवणूक म्हणाल तर त्यात कोणाचे पैसे बुडाले नाहीत. मला त्यामागे एक खरी अडचण दिसते. 'दे स्टाइल'चं सगळं म्हणणं होतं सुसंवाद, समतोल, आडवी-उभी रेघ, मूळ रंग, म्हणजे युद्धात मोडलेल्या युरोपमध्ये नवीन काहीतरी नीट उभं करायचं. पण त्याच माणसाला असंही वाटत होतं की जुनी भाषा, जुना गोडवा, जुनी कविता आधी मोडायलाच हवी, नाहीतर नवीन उभं राहायला जागाच नाही. या दोन गोष्टी एका सहीखाली छापल्या असत्या तर दोन्हीकडचे म्हणाले असते हा माणूस नक्की कोणाच्या बाजूने. म्हणून त्याने बोन्सेटला मोडतोडीचं काम दिलं आणि बांधायचं काम स्वतःच्या नावावर ठेवलं, आणि दोन्ही कामं त्याने सारख्याच गांभीर्याने केली असं मला वाटतं.

आणि त्या कविता नुसता धुडगूस नाहीत हो. सीमेवरच्या दिवसांवरची एक कविता आहे, समोरून जाणाऱ्या सैनिकांच्या तुकडीची, त्यात पाठीवरच्या पिशव्या, पत्र्याचे डबे असे शब्द तोडून तोडून पुन्हा पुन्हा येतात, अक्षरं कुठे मोठी कुठे बारीक, आणि वाचता वाचता बुटांचा आवाज जवळ येऊन लांब जातो. डच येत नसली तरी मोठ्याने वाचून बघा, जमतं. युद्धावर लिहिताना शौर्य नाही, दुःखाचे उद्गार नाहीत, फक्त चालण्याचा तो एकसुरी आवाज, १९१६ च्या काळात असं ऐकू येणं आणि ते कागदावर उतरवणं ही साधी गोष्ट नाहीये.

प्रश्न: तो बाउहाउसमध्ये प्रोफेसर होता का?

नाही. १९२१ मध्ये तो जर्मनीतल्या वाइमारला राहायला गेला, वास्तुकार ग्रोपियसने सुरू केलेली कला आणि डिझाइनची बाउहाउस शाळा तेव्हा तिथेच होती, पण त्याला शिकवायला काही घेतलं नाही. मग त्याने काय केलं, तर १९२२ च्या मार्च ते जुलै कार्ल पीटर रोल नावाच्या तरुण चित्रकाराच्या स्टुडिओत स्वतःचा 'दे स्टाइल' कोर्स सुरू केला आणि त्याला बाउहाउसचीच मुलं येऊन बसायला लागली. बाउहाउसमध्ये तेव्हा हस्तकला, भावना, अंतर्मन असा सूर होता, त्याला ते अजिबात पटत नव्हतं, त्याला यंत्र हवं होतं, मोजमाप हवं होतं, आणि तो हे तोंडावर बोलायचा. नंतर शाळेची दिशा खरंच त्या बाजूला वळली. ते आपल्यामुळेच झालं असं तो सांगायचा, त्यात अतिशयोक्ती आहे कारण रशियन कलावंतांचा आणि १९२३ ला तिथे शिकवायला आलेल्या मोहोली-नॉजचा वाटाही मोठा आहे, पण काहीच नाही केलं असं म्हणणं त्याहून चुकीचं. वर ज्या गाईच्या पुस्तकाचा उल्लेख केला ना, ते १९२५ ला छापलं कोणी? बाउहाउसनेच, त्यांच्या पुस्तकमालेत.

प्रश्न: हॉलंडच्या दादा दौऱ्यात नक्की काय झालं होतं?

१९२३ चा जानेवारी, सुरुवात हेगला. डूसबर्ग, त्याची जोडीदार नेली पियानोवर, जर्मनीहून आलेला कलावंत कुर्ट श्विटर्स आणि 'दे स्टाइल'मधला चित्रकार विल्मोस हुसार त्याची यांत्रिक नाचणारी बाहुली घेऊन. डूसबर्ग काळ्या कपड्यात गंभीरपणे उभा राहून दादा म्हणजे काय ते सांगतोय, मध्येच पाणी प्यायला थांबला, आणि प्रेक्षकांत बसलेला श्विटर्स एकदम कुत्र्यासारखा जोरात भुंकायला लागला. सभागृहात गोंधळ. नेलीने व्हित्तोरियो रिएतीची 'मगरीच्या लग्नाची मार्च' वाजवली. पेपरांनी भरभरून लिहिलं आणि पुढच्या गावांत लोक गोंधळ घालायच्या तयारीनेच यायला लागले. याहून जास्त काय सांगायचं, दौऱ्याचं पोस्टर मात्र जरूर शोधून बघा, अक्षरं उलटीसुलटी, एकावर एक, आजच्या कुठल्याही डिझायनरला हेवा वाटेल असं.

प्रश्न: मोंद्रियान आणि डूसबर्गची मैत्री एका तिरक्या रेघेवरून तुटली हे खरं आहे का? ऐकायला हास्यास्पद वाटतं.

हास्यास्पद अजिबात नाहीये, कारण दोघांसाठी ती रेघ म्हणजे जगाकडे बघायची पद्धत होती. मोंद्रियानचं म्हणणं, आडवी आणि उभी या दोनच दिशा, त्यांच्या समतोलात सगळं आलं, तिथे शांतता आहे. त्याने चौकटी कोनावर उभ्या केल्या, कॅनव्हास हिऱ्यासारखा टांगला, पण आतली रेघ आडवी-उभीच ठेवली. डूसबर्गने १९२४ पासून उलट केलं, कॅनव्हास सरळ आणि आतली सगळी रचना ४५ अंशात फिरवलेली. या चित्रांना तो प्रतिरचना म्हणायचा आणि १९२६ मध्ये त्याने या विचाराला एलिमेंटरिझम असं नाव देऊन जाहीर मांडलं. त्याचा मुद्दा असा होता की भिंती आडव्या-उभ्या, घरं आडवी-उभी, आपण स्वतः उभे, मग चित्रानेही तेच केलं तर ते निसर्गाच्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या मागेच जातंय, चित्राने त्याला विरोध करायला हवा, त्यात गती हवी, काळ हवा. मोंद्रियानला हे म्हणजे दहा वर्षं मिळून बांधलेलं पाडण्यासारखं वाटलं असणार.

पण नुसती रेघ म्हटलं तर ते अपुरं आहे. १९२३ ला डूसबर्ग पॅरिसला राहायला आला, मोंद्रियान तिथेच होता, आणि जी मैत्री पत्रांतून छान चालली होती ती रोजच्या भेटीत अवघड झाली, एक शिस्तीचा आणि एकांतात रमणारा, दुसरा सतत नवीन माणसं, नवीन योजना, नवीन भांडण घेऊन येणारा. डूसबर्गला तर वास्तुकलेत घुसायची घाई झाली होती, त्याच वर्षी तरुण वास्तुकार कॉर्नेलिस व्हॅन एस्टेरेनबरोबर त्याने घरांची मॉडेल्स करून लेओन्स रोझेनबर्गच्या गॅलरीत मांडली. १९२५ च्या सुमारास मोंद्रियान 'दे स्टाइल'मधून बाहेर पडला. त्याच्या आधी चित्रकार बार्ट व्हान डर लेक गेला होता, मग रॉटरडॅमच्या स्पांगेन भागातल्या घरांच्या रंगांवरून १९२१ मध्ये वास्तुकार औड गेला. एक लक्षात घ्या, 'दे स्टाइल' हा कधी आपण समजतो तसा गट नव्हताच, सगळे सभासद एका खोलीत एकत्र असे कधी जमलेच नाहीत, मासिक होतं आणि मासिकाच्या मध्यभागी हा होता. शेवटच्या एक-दोन वर्षांत मात्र दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, हे लोक सांगत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिते.

प्रश्न: ज्या घरात लोकांना राहायचंय तिथे आपले रंग लादायचा कलावंताला काय अधिकार? द्राख्तेनच्या घरांबद्दल वाचलं, लोक वैतागले होते.

द्राख्तेन हे उत्तरेला फ्रीसलँडमधलं गाव, १९२१ मध्ये तिथल्या मध्यमवर्गीय १६ घरांसाठी आणि समोरच्या शेतकी शाळेसाठी त्याने रंग ठरवून दिले, घरांना लाल, निळा, पिवळा आणि शाळेला त्यांच्या मिश्रणाचे हिरवा, नारिंगी, जांभळा. हे काम त्याला मिळालं ते सैन्यातल्या ओळखीच्या एका चांभारामुळे, एव्हर्ट रिनसेमा, जो लिहायचा आणि विचार करायचा, आणि त्याचा भाऊ थाइस चित्रं काढायचा. गावकऱ्यांनी त्या भागाचं नाव ठेवलं पोपटांची वस्ती आणि थोड्याच काळात रंग पुसून टाकले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी असं देईन, राहणाऱ्यांना न विचारता रंग देणं चुकलंच. त्याला वाटायचं कला चौकटीतून बाहेर पडून खोलीत, रस्त्यात आली की माणूसच बदलेल, आणि हा विश्वास इतका मोठा होता की समोरच्या माणसाला रोज सकाळी दार उघडताना काय वाटेल हे ऐकायला तो थांबला नाही. पण गंमत बघा, १९८८ मध्ये ती घरं परत त्याच रंगांत रंगवली आणि आता लोक मुद्दाम बघायला जातात.

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ऑबेतमध्ये जे झालं ते जास्त दुखतं. क्लेबर चौकातली अठराव्या शतकातली जुनी इमारत, होर्न बंधूंनी ती करमणुकीच्या जागेसाठी घेतली होती, १९२६ मध्ये हान्स आर्प आणि सोफी टॉयबर-आर्प या कलावंत जोडप्याने डूसबर्गला बोलावलं आणि तिघांनी मिळून आतल्या दालनांचं काम वाटून घेतलं. सिनेमा आणि नाच एकत्र चालणारं मोठं दालन डूसबर्गकडे, त्याच्या भिंतींवर आणि छतावर त्याने तिरके रंगीत पट्टे फिरवले, म्हणजे माणूस चित्रासमोर उभा नाही तर चित्राच्या आत नाचतोय. पाट्यांची अक्षरं, दिवे, अॅशट्रे, सगळं नव्याने डिझाइन केलेलं. फेब्रुवारी १९२८ ला उघडलं, 'दे स्टाइल'चा एक पूर्ण अंक त्यावर काढला, आणि गिऱ्हाइकांना ते आवडलं नाही. लगेचच बदल सुरू झाले, दहा वर्षांत सगळं झाकलं किंवा काढलं गेलं. त्याने एका मित्राला लिहिलं होतं की लोकांना आपलं तपकिरी जग सोडवत नाही. त्याच्या सगळ्या विचारांचं जे एकमेव मोठं प्रत्यक्ष रूप होतं ते असं गेलं, आणि नंतरच्या कित्येक पुस्तकांत ते फक्त काळ्या-पांढऱ्या फोटोत राहिलं, ज्या खोलीचा जीवच रंगात होता तिचे रंगच कोणाला दिसत नव्हते.

प्रश्न: नेली व्हॅन डूसबर्गबद्दल दोन शब्द लिहाल का? तिचं नाव नेहमी "पत्नी" एवढंच येतं.

दोन शब्दांपेक्षा जास्तच लिहायला हवं. ती शिकलेली पियानोवादक, दादा कार्यक्रमांत स्टेजवर निम्मं काम तिचं. १९३० च्या शेवटी पॅरिसजवळच्या मदाँला डूसबर्गने स्वतः डिझाइन केलेलं घर-स्टुडिओ तयार झालं, दोघं तिथे राहायला गेले, आणि काही आठवड्यांतच दम्याने बेजार झालेला तो उपचारांसाठी स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला गेला आणि ७ मार्च १९३१ ला तिथेच हार्ट अटॅकने गेला, वय ४७. जानेवारी १९३२ चा 'दे स्टाइल'चा शेवटचा, त्याच्या आठवणींचा अंक नेलीने काढला. पुढे १९७५ मध्ये ती गेली तोपर्यंत त्याच घरात राहून तिने चित्रं, पत्रं, कागद, सगळं जपलं आणि प्रदर्शनांसाठी लोकांच्या मागे लागत राहिली. आज अभ्यासक डूसबर्गचं एकेक पत्र उघडून वाचू शकतात ते तिच्यामुळे. तिने ते जपलं नसतं तर या सदरात लिहायला फार काही उरलं नसतं.

प्रश्न: प्रत्यक्ष बघायचं असेल तर कुठे जावं?

एकच जागा निवडायची असेल तर स्ट्रासबुर्ग. ऑबेतच्या पहिल्या मजल्यावरची दालनं जुन्या थरांखालचे रंग शोधून पुन्हा उभी केली आहेत, सिनेमा-नाचाचं दालन १९९४ पर्यंत झालं आणि बाकीचं २००६ पर्यंत, आता ते 'ऑबेत १९२८' नावाने लोकांसाठी खुलं असतं. नेदरलँड्समध्ये असाल तर उट्रेख्टचं सेंट्राल म्युझियम, लायडेनचं लाकेनहाल, ऑटरलोचं क्रोलर-म्युलर, आणि वेळ असेल तर द्राख्तेन, तिथे पोपटांच्या वस्तीतलं एक घर आतून पण बघता येतं. उट्रेख्टला गेलाच आहात तर 'दे स्टाइल'मधल्या वास्तुकार रिटवेल्डचं १९२४ चं श्रोडर हाउस बघा, त्यात डूसबर्गचा हात नाही पण तो ज्याबद्दल इतकी वर्षं लिहीत होता ते तिथे एका घरात शिरून बघायला मिळतं. आणि कुठेच जाता येत नसेल तर 'दे स्टाइल'चे अंक स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, १९१७ पासून क्रमाने चाळा, डच वाचता येत नसलं तरी पानांची मांडणी कशी बदलत जाते तेवढं जरी बघितलं तरी हा माणूस दर दोन-तीन वर्षांनी स्वतःचेच नियम कसे मोडत होता ते डोळ्यांनी दिसेल.